फुलराणीवाल्यांबरोबर: बेळगाव, खानापूर, निपाणी

मंगळवार, १० फेब्रुवारी: मिरज ते बेळगाव

बेळगावच्या टिळकवाडीत माझी मावशी राहते. तिच्या मैत्रिणींचा आणि दोन-तीन काकामंडळींचा एक गट आहे. त्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. दर १२ फेब्रुवारीला ही मंडळी कुणाच्या तरी घरी जमतात आणि पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी' नाटकातली मंजुळा गाजवणारी अभिनेत्री भक्ती बर्वे हिची आठवण काढतात. भक्ती २००१ साली याच तारखेला गेली. वाईला कार्यक्रम करून मुंबईला परतत होती, द्रुतगती मार्गावर गाडीला अपघात झाला. वय अवघं ५२. यंदा त्याला पंचवीस वर्षं होणार म्हणून मावशीनं संक्रांतीलाच फर्मान काढलं, "या खेपेला तू यायचंस. आणि उभ्याउभ्या नव्हे. आमच्याबरोबर फिरायचं."

भक्तीचा जन्म सांगलीचा, १९४८ सालचा. मीही सांगलीची. तेवढ्याच भांडवलावर या गटात माझी पत आहे. मी तिला रंगभूमीवर कधीच पाहिलेलं नाही, याकडे सगळे उदार मनानं काणाडोळा करतात.

मिरजेहून सकाळची गाडी धरली. शेडबाळ, उगार, कुडची. दोन्हीकडे ऊस. उगारला कारखान्याच्या मळीचा वास डब्यात शिरतो आणि बराच वेळ उतरत नाही. चिंचलीला एक बाई भल्या मोठ्या टोपलीसकट चढल्या. मायाक्काची माघातली जत्रा होऊन गेली असली तरी त्यांच्या कपाळावरचा भंडारा ताजा होता. रायबागपर्यंत त्या फोनवर बोलत होत्या. हिशेब सगळा कन्नडमध्ये, भांडण सगळं मराठीत. शेजारच्या पोराला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मला मात्र ऐकताना मजा वाटत राहिली.

नाटक या वाटेनं फार पूर्वीपासून ये-जा करतंय. १८४२ साली कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून सांगलीच्या पटवर्धन सरकारांनी विष्णुदास भाव्यांना आपल्याकडेही असं काही करा म्हणून सांगितलं, आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले तेही १८४३ सालीच, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. एकीकडून खेळ आला, दुसरीकडून माणूस. सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणाऱ्यांनी, ते कोणत्याही बाजूचे असोत, एकदा हा हिशेब मांडून बघावा असं मला नेहमी वाटतं. कुणी मांडत नाही.

घटप्रभा, गोकाक रोड करत दुपारी बेळगाव. मावशी फाटकातच उभी. "आलीस गे? बस. मी पाणी घेऊन येतो." सांगली-कोल्हापूर-बेळगावकडच्या बायका 'येतो-जातो' असंच बोलतात. मीही घरी तशीच बोलते. पुण्यात गेले की 'येते-जाते' करते.

संध्याकाळी आरपीडी क्रॉसपर्यंत चालत गेलो. राणी पार्वतीदेवी कॉलेज. पु. ल. देशपांडे इथं काही काळ प्राध्यापक होते. 'गणगोत'मधले रावसाहेब बेळगावचेच, त्यामुळे इथल्या लोकांना पु. ल. आपल्या गल्लीतले वाटतात. टिळकवाडीत एखाद्यानं शिवी जरा गोड लावून दिली तरी 'रावसाहेब' म्हणून त्याची संभावना होते. भक्तीवर इथं इतका जीव का, याचं अर्धं उत्तर मला त्या कॉलेजच्या फाटकाशी मिळालं. उरलेलं अर्धं मिळायला गुरुवार यावा लागला.

बुधवार, ११ फेब्रुवारी: खानापूरकडे

मावशीच्या एका मैत्रिणीचं माहेर नंदगडच्या पुढच्या एका खेड्यात. तिथं जत्रेच्या नाटकाची तालीम चालू होती आणि तीत 'बघण्यासारखी बाई' आहे, असं तिचं म्हणणं. बेळगावहून खानापूरचा रस्ता गोव्याला जाणारा. ट्रकांची रांग संपत नाही. खानापुरात मलप्रभा ओलांडली की माती तांबडी होते, कौलं दिसायला लागतात, हवा बदलते. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. इंग्रजांनी त्याला १८३१ साली इथंच फाशी दिली. गाडी थांबवून नमस्कार केला, पुढे निघालो.

तालीम देवळाच्या सभामंडपात. या भागात जत्रेला गावची पोरं नाटक बसवतात. पुरुषांची कामं घरची, बायकांची कामं बाहेरून आणलेली. 'स्त्री पार्टी' ठरवायची, सुपारी द्यायची, आयत्या वेळी दोन तालमी. ती बघण्यासारखी बाई गडहिंग्लजकडची. वय पन्नाशीच्या पुढे. विनोदी कामं करते. एसटीनं आली होती, बरोबर एक पत्र्याची पेटी आणि चहाचा थर्मास. हिरो म्हणून उभा असलेला पोरगा दुधाच्या डेअरीत कामाला. पाठांतर चोख, पण आपलं वाक्य संपलं की दुसऱ्याचंही तोंडातल्या तोंडात म्हणायचा.

एका जागी तिचं वाक्य पडलं आणि बघायला बसलेल्या बायापोरांत हशा पिकला. पोरानं लगेच आपलं वाक्य टाकलं. ते कुणाला ऐकूच गेलं नाही. बाईनं तालीम थांबवली.

"हसू दे की त्यांस्नी. तुझं वाक्य काय पळून चाललंय?"

पोरगा म्हणाला, मग हसू संपेपर्यंत थांबतो.

"संपू द्यायचं न्हाई. संपलं की माणूस खोकतंय, शेजाऱ्याशी बोलतंय. हसू वर चढतंय, मग उतरणीला लागतंय. उतरणीला लागलं की टाक."

पुन्हा करून घेतलं. पोरगा आधी लवकर, मग उशिरा, मग एकदा बरोबर वेळेवर. त्या वेळी मागं बसलेली म्हातारी उगाचच दुसऱ्यांदा हसली आणि पोराचे कान लाल झाले. एवढ्या साध्या गोष्टीला मी तासभर खिळून बसले होते.

चहाच्या वेळी मैत्रिणीनं विषय काढला. बाईनं भक्ती बर्वे पाहिली नव्हती, ऐकली होती. कुणीतरी नाट्यगृहात बसून टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेली 'ती फुलराणी'ची कॅसेट तिच्या मालकांकडे होती. निम्मा आवाज प्रेक्षकांचाच. तिला ते फावलंच. कुठं हशा येतो, किती टिकतो, भक्ती पुन्हा कधी बोलते, हे ती बोटं मोजून बघायची. "ती बाई हशाच्या पाठीवर बसून पुढं जात होती. आमच्यागत हशाबरोबर भांडत नव्हती." मग थर्मासचं झाकण लावता लावता म्हणाली, "आणि स्वतः कधी हसली न्हाई. एकदा बी. कॅसेटवर कळतंय ते."

अभिनयावरची जाड पुस्तकं मी थोडीफार चाळली आहेत. हशाच्या उतरणीबद्दल इतकं स्वच्छ कुठं वाचल्याचं आठवत नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी: टिळकवाडी

सकाळी मावशीनं माळ्यावरून एक फाइल काढली. त्यात २००१ सालची 'तरुण भारत'ची कात्रणं, पिवळी पडलेली. "पु. ल. जाऊन आठ महिने झाले होते नुसते," ती म्हणाली. पु. ल. १२ जून २००० ला गेले. "तारीखसुद्धा तीच बघ, बारा. त्या जूनला आम्ही रडलो नव्हतो. वय झालं होतं, आजारी होते. हिच्या वेळी मात्र पेपर वाचून तुझे काका दुकान न उघडता परत आले."

चारला माणसं जमायला लागली. घराचा नियम असा की फोटोला हार घालायचा नाही. फोटो आहे, कपाटाच्या काचेला आतून चिकटवलेला, पण उदबत्ती नाही, भाषण नाही. खायला कुंदा, चिवडा आणि मी आणलेलं सांगलीचं भडंग. भडंगावर सगळ्यांनी ताव मारला. कुंदा त्यांना रोजचाच.

सुरुवात भांडणानं झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका दर वर्षी तेच भांडतात म्हणे. त्यांचा आक्षेप असा की सगळे 'फुलराणी, फुलराणी' करतात आणि 'हॅण्ड्स अप'चं नाव कुणी काढत नाही. 'आई रिटायर होतेय'चंही नाही. एका भूमिकेनं बाकीच्या गिळून टाकल्या. "पळा पळा कोण पुढे पळे तो'मधली भक्ती आठवते का कुणाला? नाही! कारण तुम्हाला फक्त ते एक पान पाहिजे!" एक पान म्हणजे मंजुळेचं ते प्रसिद्ध स्वगत, मास्तराला धडा शिकवण्याची शपथ घेते ते.

काकांचं मला पटतं. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी 'ती फुलराणी' लिहिलं, १९७५ साली ते रंगभूमीवर आलं. फुलं विकणारी मंजुळा भक्ती आणि तिला शुद्ध बोलायला शिकवणारा मास्तर, म्हणजे प्राध्यापक जहागीरदार, सतीश दुभाषी. त्यानंतर भक्तीनं काहीही केलं तरी लोकांच्या डोळ्यांपुढे परडी घेतलेली मंजुळाच उभी. मुळात ती सुधा करमरकरांच्या बालरंगभूमीवर वाढलेली मुलगी. पुढे आकाशवाणी आणि मुंबई दूरदर्शनवर निवेदन केलेली. शब्द इतका घासूनपुसून लखलखीत की आईबाप मुलांना 'असं बोलायला शीक' म्हणून दाखवायचे. या बाईनं स्वतःचा तो उच्चार उतरवून ठेवायचा आणि मंजुळेची बोली अंगावर घ्यायची, मग नाटकाच्या ओघात पुन्हा एकेक अक्षर शिकल्यासारखं करून आपल्याच उच्चारापाशी परत यायचं. अवघड काय ते इथं आहे. स्वगत त्या मानानं सोपं.

एक इंजिनिअरिंगची मुलगी आली होती, कुणाची तरी नात. तिला भक्ती ठाऊक 'जाने भी दो यारों'मधून. १९८३चा तो सिनेमा तिच्या हॉस्टेलमध्ये पोरं अजून बघतात. त्यातली 'खबरदार'ची संपादिका शोभा. गोड बोलून दोन भोळ्या फोटोग्राफरांना वापरून घेणारी. "मला वाटलं होतं ती मुंबईची एखादी इंग्लिश मीडियमवाली असेल. तीच फुलराणी हे आजीनं सांगेपर्यंत माहीतच नव्हतं." काका एवढे खूश झाले की त्यांनी तिला स्वतःचा कुंदा दिला.

मावशीनं फुलराणी पाहिली ती कोल्हापुरात, केशवराव भोसले नाट्यगृहात. १९१५ साली शाहू महाराजांनी 'पॅलेस थिएटर' म्हणून बांधलेलं. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मावशी त्या रंगमंचाचं वर्णन करायला लागली, पडदा, विंगा, दुसऱ्या रांगेतली तिची खुर्ची. नंतर अर्ध्यातच थांबून म्हणाली, "आता ते सांगण्यात काय अर्थ आहे," आणि चहा टाकायला उठली.

मग फेरी सुरू झाली. ज्यानं त्यानं ते स्वगत करायचं, पाठ असो नसो. इथं मी थोडी सावध झाले होते, कारण फुलराणीचं स्वगत हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅदरिंगचा शाप आहे. कमरेवर हात, मान वाकडी, भक्तीची नक्कल. मी स्वतः सातवीत केलंय. पण इथं कुणी भक्तीची नक्कल करेना. वडगावच्या एका काकूंनी उभं राहून पहिल्या दोन ओळी नीट म्हटल्या, तिसऱ्या ओळीपासून मास्तर बाजूला राहिला आणि पुण्याची एक बाई आली.

काकूंची लेक कोथरूडला दिली आहे. बाळंतपणाला काकू तिथं तीन महिने होत्या. खाली भाजीवाल्यापाशी त्या काहीतरी बोलल्या. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई हसून म्हणाल्या, "किती गोड बोलता हो तुम्ही! परत बोला ना!" आणि लिफ्टमध्ये आणखी दोघींना ऐकवायला लावलं. काकूंनी त्या बाईला उद्देशून अख्खं स्वगत केलं, अस्सल वडगावी हेल काढून. पुलंच्या ओळींची चाल तीच, मजकूर सगळा स्वतःचा. त्यात लिफ्ट बंद पडते, ती बाई आत अडकते, वॉचमन नेमका बेळगावचा निघतो आणि काकू त्याला सांगतात, "घाई नको करू बाळा, आधी तिला गोड बोलायला सांग." आम्ही पोट धरून हसलो. काकू हसल्या नाहीत. खाली बसल्या आणि पदरानं चेहरा पुसला, घाम होता की काय ते मी पाहिलं नाही.

शेजारचे एक कानडी सर आले होते, निवृत्त मुख्याध्यापक. मराठी त्यांना समजतं, बोलताना अडखळतात. ते म्हणाले, बंगळूरला गेलो की आमच्या कानडीलाही असंच हसतात. मग त्यांनीही करून दाखवलं, धारवाडी कानडीत, आणि आमच्यातल्या निम्म्यांना शब्द कळले नाहीत तरी हशा बरोबर जागेवर आला.

ते उरलेलं अर्धं उत्तर हे असावं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला मंजुळा ही सुधारायची मुलगी होती, गंमतीची. त्याला तिच्या बोलीचं हसू येत होतं. बेळगावच्या प्रेक्षकानं पहिल्या अंकापासून मास्तराच्या विरुद्ध बाजूला खुर्ची टाकली होती. आणि भक्तीचं मोठेपण हे की तिनं दोघांनाही हसवलं. तिनं मंजुळेची बोली कधी हास्यास्पद केली नाही. मंजुळा चिडलेली, हट्टी, हुशार, पण केविलवाणी नाही. हसू यायचं ते जहागीरदाराच्या आढ्यतेचं. पुढे इतरांनीही ही भूमिका केली, अमृता सुभाषनं केली आणि चांगली केली. पण इथं कुणाला तुलना करायची नव्हती. त्यांनी ती भूमिका केव्हाच स्वतःकडे घेतलेली होती.

काका शेवटी उठले. 'हॅण्ड्स अप'मधलं काहीतरी करणार म्हणाले. पहिल्याच वाक्याला अडखळले. "त्यासाठी समोर माणूस लागतो," म्हणून बसले. रात्री नऊला वीज गेली तेव्हा मंडळी उठली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी: निपाणी

गटातल्या एक बाई निपाणीच्या. गुडघ्यांच्या ऑपरेशनमुळे त्यांना काल येता आलं नव्हतं, म्हणून आम्हीच त्यांच्याकडे: मावशी, काका आणि मी. तिथून मी कोल्हापूरमार्गे घरी. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट उतरला की निपाणी. देवचंद कॉलेज महाराष्ट्रात आणि गाव कर्नाटकात, त्यामुळे इथली पोरं रोज परराज्यात शिकायला जातात आणि डबा खायला परत येतात.

निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं ते इथलंच. त्याच सुमाराला वखारीतल्या बायकाही मजुरीसाठी उभ्या राहिल्या होत्या. त्या घरी कामाला येणाऱ्या आजी त्याच पिढीतल्या. वखारीत तंबाखू चाळण्यात सारा जन्म गेला, आता दोन घरची भांडी करतात. अजून बोलता बोलता खोकतात.

मावशीनं फोनवर भक्तीची ती जुनी चित्रफीत लावली. आजी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. शेवटपर्यंत नजर हलली नाही. एकदाही हसल्या नाहीत, तेव्हा मावशीला जरा वाईट वाटलं. तिनं सगळी गोष्ट सांगितली, फुलं विकणारी पोरगी, तिला मोठ्या घरची बाई बनवायची पैज, मास्तराचं ओरडणं.

आजींनी विचारलं, "फुलं इकून दिसाला किती मिळत हुतं तिला?"

मावशी म्हणाली, ते नाटकात नाही.

"आनि शिकाय बसली तवा? त्यो मास्तर हाजरी देत हुता का?" हाजरी म्हणजे दिवसाची मजुरी.

काका म्हणाले, खायला-प्यायला होतं, कपडे होते, राहायला घर होतं.

"ते आमाला बी मालक सांगायचा," आजी म्हणाल्या. "मग तिला राग कशाचा आला म्हनतासा? शिव्यांचा? शिव्या मुकादम रोज द्यायचा. शिवी धुतली की जाती. बुडल्याली हाजरी न्हाई जात." मग फोनकडे बोट करून, "पर पोरगी लई झ्याक बोलली. आमच्यात असती तर म्होरं उभी केली असती."

काकांनी ताबडतोब पक्ष बदलला. फुलराणीचं हे अंग आजवर कुणी पाहिलंच नाही, पुढच्या वर्षी आजींना टिळकवाडीला आणायचंच, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. मावशीचं म्हणणं, नाटकाला असा हिशेब लावायचा नसतो. काकांचं म्हणणं, स्वतः शॉसाहेबांनीच लावला आहे, मूळ नाटकात पोरीचा बाप पैसे मागायला येतोच की. हे खरं आहे, त्यामुळे मावशी आणखी चिडली. स्टँडवर माझ्या कोल्हापूरच्या गाडीपाशी हा वाद चालू होता. आजी आम्हाला पोचवायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, यायला माझी ना न्हाई, पर दोन घरची कामं बुडणार, दिवसाची हाजरी द्यावी लागंल. जायचं-यायचं तिकीट वेगळं. काका म्हणाले, पाचशे. आजी म्हणाल्या, निपाणी ते बेळगाव किती लांब हाय ते म्हाईत हाय का तुमाला? ते सातशेवर आले तेव्हा कंडक्टरनं घंटी मारली.